कपाटात ठेवलेला कान

मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. श्रवणयंत्र म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ऐकवणारं यंत्र. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिला एक लांब वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायची गोळी, एवढाच माझा पसारा. डबीत एक पेन्सिल सेल घालायचा, बाजूचं चाक फिरवून आवाज कमी-जास्त करायचा. आज माझ्या अंगावर चिखलाचे डाग आहेत आणि आतल्या तारा गंजल्या आहेत. ऐकू मला अजून येतं. ऐकवता मात्र येत नाही.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. आम्ही शेकडो भावंडं एकाच दिवशी तयार झालो. एका बाईनं माझ्यात सेल घालून मला आपल्या कानाला लावलं, "ठीक" असं म्हटलं आणि खोक्यात ठेवलं. आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी. त्या काळात दिल्लीच्या सरकारनं ठरवलं होतं, की देशातलं एकही मूल शाळेबाहेर राहू नये. गरीब असो, अपंग असो, ते गावच्या शाळेत बाकीच्या पोरांबरोबर शिकलं पाहिजे. त्यासाठी दिल्लीहून पैसा निघाला. त्यातून शाळांना खोल्या मिळाल्या, पुस्तकं मिळाली, आणि माझ्यासारखी यंत्रंही. लोक त्या सगळ्याला नुसतं 'अभियान' म्हणत. दोन हजार तीन सालच्या डिसेंबरात मी त्या अभियानाच्या खोक्यातून शिरोळ तालुक्यात उतरलो.

माझी धनीण तिथंच मला भेटली. पवित्रा तिचं नाव. तिसरीत होती. कृष्णेच्या काठच्या एका गावात ती राहायची. वडील नागाप्पा दुसऱ्यांच्या उसाला पाणी पाजायला जायचे, आई गंगव्वा भांगलणीला, म्हणजे रानातलं तण काढायला जायची. घरात बोलणं कानडी, शाळेत मराठी. तीन वर्षं पवित्रा वर्गात शेवटच्या रांगेत बसत होती आणि तीन वर्षांत ती एक शब्द बोलली नव्हती. मास्तर म्हणायचे, "घरात कानडी बोलत्यात की. मराठी कळत न्हाय पोरीला." घरी गंगव्वाला वाटायचं, लेक गरीब स्वभावाची आहे. तिला बोलवायचं तर गंगव्वा जमिनीवर जोरात पाय आपटायची. माती हादरली की पवित्रा वळून बघायची. असं का करावं लागतं, याचा विचार घरात कुणी केला नव्हता. सवय झाली होती.

मग शाळेत प्रसेनजीत कांबळे नावाचे सर आले. अभियानातून नेमलेले ते फिरते शिक्षक होते. आठ गावांतल्या शाळा त्यांच्याकडे होत्या आणि जुन्या लुनावरून ते हिंडायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी खिचडीचं एक स्टीलचं ताट घेतलं, वर्गाच्या मागं जाऊन उभे राहिले आणि ते फरशीवर सोडून दिलं. सगळा वर्ग दचकून मागं वळला. पवित्रा समोरच्या फळ्याकडं बघत बसून राहिली.

सर हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "गुर्जी, त्या पोरीला मराठी येत न्हाय असं न्हवं. तिला ऐकूच येत न्हाय."

हे सगळं मी नंतर सरांच्या तोंडून ऐकलं. मी आलो तो अभियानानं भरवलेल्या शिबिराच्या दिवशी. तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये डॉक्टरांनी पवित्राचे कान तपासले आणि मला तिच्या गळ्यात अडकवलं. गोळी कानात बसली. सरांनी चाक फिरवलं. हॉलमध्ये पंखा फिरत होता, खुर्च्या सरकत होत्या, कुठलं तरी बाळ रडत होतं. ते सगळं एकदम तिच्या डोक्यात शिरलं. ती ओरडली आणि तिनं गोळी उपटून काढली. सर घाईला आले नाहीत. त्यांनी चाक अगदी खाली आणलं, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि हळूच एक टाळी वाजवली. पवित्रानं त्यांच्या हातांकडं पाहिलं. मग आपल्या हातांकडं पाहिलं. मग तिनं स्वतः टाळी वाजवली. बराच वेळ ती आपल्याच टाळ्या ऐकत बसली होती.

मित्रांनो, पुढची दीड वर्षं हा माझ्या आयुष्यातला चांगला काळ. खडूचा फळ्यावर आवाज होतो, हे पवित्राला माहीत नव्हतं. ते कळलं तेव्हा ती जागेवरून उठून फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. कधी गोळी सैल झाली, की माझ्यातून बारीक शिट्टी वाजायची आणि पोरं हसायची. पवित्राही हसायची, कारण हसण्याचा आवाज आता तिलाही येत होता. आठवड्यातून दोनदा सर यायचे. कोपऱ्यात बसून एकेक शब्द तिच्याकडून घोटून घ्यायचे. आपलं नाव ती 'पवी आ' असं म्हणायची. त्यातला 'त्र' जिभेवर यायला चार महिने लागले. तो आला त्या दिवशी तिनं वर्गातल्या प्रत्येक पोरीपुढं उभं राहून आपलं नाव सांगितलं. चौथीत गेल्यावर ती पाढे म्हणू लागली. सेल संपला, की सर आपल्या खिशातून नवा काढायचे.

पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून वाईट होती. मी फक्त अकरा ते पाच एवढाच तिचा होतो.

हेडमास्तर गणपतराव हे माणूस म्हणून वाईट नव्हते. पोरांवर हात उचलत नसत, वर्गाला कधी उशिरा येत नसत. पण ते भ्यायलेले होते. नव्वद-एक्याण्णव साली दिल्लीच्याच एका जुन्या योजनेतून शाळेला बाजाची पेटी मिळाली होती. पोरांना गाणी शिकवायला म्हणून त्यांनी ती वर्गात उघडी ठेवली आणि कुणीतरी ती चोरून नेली. चौकशी लागली. दोन वर्षं गणपतराव तालुक्याला खेपा घालत होते. गावात लोक पाठीमागं म्हणायचे, मास्तरांनीच विकली. तेव्हापासून सरकारी वस्तू आली, की ती कपाटात जायची आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी सदैव अंगावर असायची.

पाच वाजले, की पवित्रा मला काढून त्यांच्या हातात द्यायची. ते मला खोक्यात घालायचे, कपाट बंद करायचे. पोरीचं जग सकाळपर्यंत मुकं व्हायचं. तिच्या आईचा, बापाचा आवाज मी तिला कधी पोचवलाच नव्हता.

एकदा नागाप्पा शाळेत आले. डोक्याचा रुमाल हातात घेऊन दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "गुर्जी, ते यंत्र घरी दिलं तर काय हुतंय?"

"घरी म्हशी, चूल, पाणी. फुटलं म्हंजे?" गणपतराव म्हणाले. "वरनं साहेब आला आणि यंत्र दाखवा म्हणला, तर मी काय दाखवू? तुझं काय जात न्हाय, नागाप्पा. माझी नोकरी हाय."

नागाप्पांनी मान हलवली आणि ते निघून गेले. वाद घालणं त्यांना माहीत नव्हतं.

प्रसेनजीत सरांना ते कळलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वतः कागद लिहून दिला, की यंत्राची जबाबदारी माझी, आणि मला पवित्राच्या घरी धाडलं. अठरा दिवस मी त्या घरात राहिलो. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मोजण्यासारखे दिवस तेवढेच.

पहिल्या दिवशी गंगव्वा घरामागच्या परड्यात भांडी घासत होती. पवित्रा तिच्याकडं पाठ करून म्हशीपुढं वैरण टाकत होती. गंगव्वानं सवयीनं पाय उचलला, पण आपटला नाही. तिनं नुसती हाक मारली, "पवी, बा इल्ली." म्हणजे, पवी, इकडं ये.

पवित्रा वळली.

गंगव्वाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ती उठून म्हशीच्या पलीकडं गेली आणि तिथून हाक मारली. पवित्रा वळली. ती घरात गेली, दाराआडून हाक मारली. पवित्रा धावत घरात आली आणि आईच्या तोंडाला हात लावून बघू लागली, की आवाज येतो तो इथूनच ना. त्या दिवशी गंगव्वा कामावर गेली नाही. शेजारणींना बोलावून सांगत राहिली, "हाक मारली की वळत्या. बघा तुमी. मारा की हाक." संध्याकाळी नागाप्पा आले. त्यांनी हाक मारली नाही. पोरीजवळ बसून ते हळू आवाजात दिवसभराचं सांगत राहिले. कुठल्या मळ्यात पाणी फिरलं, पाटात साप कसा निघाला, मालक काय म्हणाला. पोरीला त्यातलं किती समजलं कुणास ठाऊक. पण ती हनुवटी गुडघ्यावर ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती.

सुट्टी संपली. माझ्यावर एक ओरखडाही नव्हता. तरी मी परत कपाटात गेलो.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात सरांची नेमणूक संपली. पुढच्या वर्षाचा पैसा आलाच नाही, की येऊन कुठं अडकला, हे आमच्या कपाटापर्यंत कुणी सांगितलं नाही. निघायच्या दिवशी सर गणपतरावांपुढं बसले. म्हणाले, "गुर्जी, मी गगनबावड्याकडच्या एका शाळेवर चाललोय. एवढं एक ऐका माझं. यंत्र पोरीकडं द्या. कान काय फक्त शाळेत लागतो व्हय?"

"बघू. शाळा सुरू हू दे," गणपतराव म्हणाले.

शाळा सुरू झाली. पवित्रा पाचवीत गेली. जुलै सरत आला तसा पाऊस धरून बसला आणि नदी पात्राबाहेर आली. एका शनिवारी शाळा लवकर सुटली. पवित्रानं मला गळ्यातून काढलं, पण वायर लगेच सोडली नाही. हात पुढं करून उभ्या असलेल्या गणपतरावांकडं तिनं पाहिलं आणि म्हणाली, "गुर्जी, पाणी येतंय. घरी नेऊ?"

अख्खं वाक्य होतं ते. स्वच्छ. सरांनी ऐकलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं.

"भिजंल," गणपतराव म्हणाले. "सोमवारी ये, मग देतो." आणि त्यांनी मला खोक्यात घालून कपाटाच्या तळकप्प्यात ठेवलं. वरच्या कप्प्यांत कागद होते. कागद भिजू नयेत, याची त्यांना जास्त काळजी होती.

सोमवारी शाळा भरली नाही. कपाटाच्या फटीतून आधी ओल आली, मग पाणी आलं. खोकं फुगलं, फाटलं. मी पाण्याखाली गेलो. किती दिवस ते मला सांगता येणार नाही. तिथं उजेड नव्हता आणि पाण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

गावात त्या दिवसांत काय घडलं, ते मला गंगव्वाकडून कळलं. पूर ओसरल्यावर एक दाखला मागायला ती शाळेत आली होती. खोलीतला गाळ अजून निघाला नव्हता. ती उभ्यानंच सांगत होती आणि गणपतराव ऐकत होते.

पाणी गल्लीत शिरल्यावर लोकांना न्यायला ट्रॅक्टर आला होता. दिवसाढवळ्याची गोष्ट. सगळे ट्रॉलीत चढले. पवित्राही चढली होती. मग तिला परड्यात बांधलेली शेळी आठवली आणि ती कुणाला न सांगता उतरून मागं पळाली. पाणी तिच्या कमरेला लागलं. ट्रॉलीतून चाळीस माणसं तिला हाका मारत होती. परड्याची भिंत कलली होती, ती सगळ्यांना दिसत होती. तिला दिसत नव्हती, कारण ती पाठमोरी शेळीचं दावं सोडत होती. नागाप्पांनी उडी टाकली. त्यांनी पोरीला ढकलून बाजूला केलं आणि भिंत त्यांच्या पायावर आली.

"चाळीस माणसं बोंबलत हुती, गुर्जी," गंगव्वा म्हणाली. "एक हाक ऐकू आली असती तर आली असती की माघारी. हाकेला वळती ती. दिवाळीत वळतच हुती."

 गणपतरावांनी दाखला लिहून दिला. ती गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, गाळात हात घालून मला शोधलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. तीन दिवस मला उन्हात ठेवलं. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं नेलं. त्यानं मला उघडून पाहिलं आणि झाकण परत लावून दिलं. नवा सेल घालून गणपतरावांनी मला आपल्याच कानाला लावलं. चाक पुढं-मागं फिरवून पाहिलं. माझ्याकडून त्यांना काही ऐकू आलं नाही.

मग ते नव्या यंत्रासाठी तालुक्याला गेले. मला पुरावा म्हणून खिशात घेतलं होतं. तिथला कारकून म्हणाला, "एकदा दिलंय की गुर्जी. तीन वर्षं झाल्याबिगर दुसरं मिळत न्हाय. पुरात गेलं असलं तर खास बाब म्हणून वर पाठवता येतंय. फकस्त एवढं लिहून द्या, पोरीचं यंत्र पोरीजवळ का नव्हतं."

गणपतरावांनी कागद पुढं ओढला. पेन उघडलं. तारीख लिहिली, शाळेचं नाव लिहिलं. त्यापुढं पेन चाललं नाही. 'मी कपाटात ठेवलं होतं' एवढे चारच शब्द होते. शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्याशेजारी खिशात ठेवली आणि पाच वाजताची एसटी धरून ते परत आले. मित्रांनो, मी पुरात मेलो असं लोक म्हणतात. माझं म्हणणं विचाराल तर मी त्या टेबलावर मेलो. नवं यंत्र आलं असतं, तर माझ्या मरण्याचं कुणाला काय वाटलं असतं?

त्यानंतर मी कपाटातच राहिलो. वर्ग भिंतीपलीकडं होता, म्हणून सगळं ऐकू यायचं. पवित्रा पुन्हा शेवटच्या रांगेत गेली. आधी तिच्या वाक्यांतले शब्द गळाले. मग 'त्र' गेला. मग आवाजच येईनासा झाला. नागाप्पांचा पाय बरा झाला, पण वाकडा राहिला. चिखलात उभं राहून पाणी पाजणं त्यांच्यानं होईना. सहावीच्या वर्षी दिवाळीनंतर पवित्रा शाळेत आली नाही. आईबरोबर भांगलणीला जाऊ लागली. गणपतराव एकदा बोलवायला गेले होते, असं म्हणतात. पटावरचं तिचं नाव त्यांनी बरेच महिने काढलं नाही.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात गणपतराव निवृत्त झाले. शाळेत नारळ, शाल, भाषणं झाली. सगळे गेल्यावर त्यांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. मोडक्या सामानाच्या यादीत माझं नाव होतं. मला भंगारात टाकलं असतं, तरी आता कुणी विचारलं नसतं. त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं आणि ते भर दुपारी पवित्राच्या घरी गेले.

पुरानंतर बांधलेलं पत्र्याचं घर होतं. नागाप्पा बाहेर बाजल्यावर बसले होते. पवित्रा चौदा वर्षांची झाली होती. उंच, उन्हानं करपलेली, बोटांना उसाच्या पाचटाचे चरे पडलेली. गणपतरावांनी मला तिच्यापुढं धरलं. तिनं मला लगेच ओळखलं. दोन्ही हातांत घेतलं, ओढणीनं पुसलं, वायरीचा गुंता सोडवला. मग गोळी कानात घातली आणि पूर्वी सरांपुढं बसायची तशी गणपतरावांकडं तोंड करून बसली.

गणपतराव बोलू लागले. इतकी वर्षं त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. पेटीची चोरी, चौकशीची भीती, शनिवारची ती दुपार, तळकप्पा, तालुक्याचा तो कागद, सगळं त्यांनी सांगितलं. "पोरी, माझं चुकलं," असं ते तीनदा म्हणाले. पवित्रा त्यांच्या ओठांकडं बघत होती आणि मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून अधूनमधून मान हलवत होती. मी त्या दोघांच्या मधे होतो. प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत येत होता आणि माझ्यातच संपत होता.

गंगव्वा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "तिला ऐकू येत न्हाय, गुर्जी. यंत्र मेलंय की."

"व्हय," गणपतराव म्हणाले. "मला म्हाईत हाय."

"मग कुणाला सांगताय?"

 गणपतराव पाणी न पिताच उठले. पवित्रानं मला कानातून काढलं, वायर नीट गुंडाळली आणि सवयीनं त्यांच्या हातात परत दिलं. पाच वाजले, की ती असंच करायची.

मित्रांनो, आता मी गणपतरावांच्या घरी, त्यांच्या टेबलावर असतो. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून ते मला रोज पुसतात. इतकी काळजी माझी कुणी कधी घेतली नव्हती, आणि तिचा आता काही उपयोग नाही. तुमच्या शाळेत कुणासाठी काही आलं असेल, चष्मा असेल, सायकल असेल, पुस्तक असेल, तर ते ज्याचं आहे त्याच्या हातात जाऊ द्या. तिथं ते पडेल, झिजेल, फुटेलही. फुटू द्या. मलाही पवित्राच्या गळ्यात फुटायचं होतं.